शेंदराखालची चीर

मी वर्गात कधी आवाज चढवला नाही, असे धुळ्यातले माझे जुने विद्यार्थी अजून सांगतात. ते खरे आहे. संस्कृत शिकवणाऱ्याला ओरडून काही साधत नाही. धातुरूपे ओरडण्याने पाठ होत नाहीत. मागच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मात्र मी ओरडलो, आणि तेही देवीच्या देवळाच्या पायरीवर उभा राहून, सोवळ्यात, साऱ्या गावासमोर. कारण एक लोखंडी आकडा.

आमचे मूळ गाव भडगावच्या पुढे, गिरणेच्या काठी. आम्ही शेतकरी. मला वडिलांनी लहानपणी पाठशाळेत घातले, म्हणून मी त्या वाटेने धुळ्याला गेलो आणि नोकरी करून तेथेच राहिलो. धाकटा भाऊ शेतीवर राहिला. गेली बरीच वर्षे तोच गावचा भगत आहे. आखाजीच्या यात्रेला आमच्याकडे बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांत पोरेबाळे, म्हातारे, माहेरी आलेल्या लेकी दाटीने बसवायच्या, आणि बैलांच्या जागी एकट्या भगताने, आधाराला दोन बाजूंना दोन बगले घेऊन, ती सगळी माळ ओढत न्यायची. इतर गावांत हे सपाट रस्त्यावर होते. आमची देवी टेकाडावर बसलेली, त्यामुळे आमच्या गाड्या देवळापासून नदीकडे उताराने उतरतात, आणि ओढण्यापेक्षा धरण्याचे काम मोठे ठरते. शेवटच्या गाडीला मागे एक जाड दोर असतो. गावातले धट्टेकट्टे पुरुष तो धरून, टाचा रोवत, मागे रेलत उतरतात. तो दोर सुटला तर बारा गाड्या माणसांसकट पुढे चालणाऱ्या भगताच्या पाठीवर येतील. पुढे चालणारा माझा भाऊ असतो.

गाडी आणि दोर यांच्यामध्ये तो आकडा. फार पूर्वी दोर थेट चाकांच्या आखाला बांधत, आणि तो घासून झिजत असे. गावातलेच एक गृहस्थ तेव्हा रेल्वेत गँगमन होते. आता त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी कंडम झालेल्या मालडब्याचा, दोन डबे एकमेकांना जोडणारा आकडा भंगारातून विकत आणला आणि देवीला वाहिला. मांडीएवढ्या जाडीचा तो ऐवज पाहून गाव इतके हरखले, की त्याला देवपणच मिळाले. वर्षभर तो गाभाऱ्याच्या भिंतीवर टांगलेला असतो. दर आखाजीला त्याच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा नवा लेप चढतो. जुना काढायचा नाही, त्यावरच नवा. आज त्याचा आकार आकड्यासारखा उरलेला नाही. लांबून पाहिले तर झोपलेला गणपती वाटतो.

आणखी एक रीत आहे. आकडा ‘बोलल्या’शिवाय गाड्या हलत नाहीत. भगत पुढे हात जोडून उभा राहतो. मागचे पुरुष दोर सैल सोडतात आणि एकदम हिसका देतात. सैल, हिसका, सैल, हिसका. कधी तरी आकड्यातून खणकन आवाज निघतो. तो देवीचा होकार. मग हळद उधळली जाते आणि गाड्या निघतात. बरीच वर्षे मी त्या आकड्याची पूजा सांगत आलो आहे आणि तो आवाज ऐकून माझेही हात आपोआप जुळत आले आहेत, हे येथे नोंदवणे मला योग्य वाटते, कारण पुढे मी जे बोललो ते श्रद्धाहीन माणसाचे बोलणे नव्हते.

भावाची मुलगी जळगावला राहते आणि तिकडच्या एका कारखान्यात रेल्वेच्या डब्यांचे सुटे भाग तपासते. चाके, आख, आकडे, ब्रेकच्या दांड्या. तिचे काम ते बनवणे नाही, त्यांत चीर शोधणे हे आहे. नोकरीच्या गडबडीत तिला कित्येक वर्षे यात्रेला येता आले नव्हते. मागच्या वर्षी मी धुळ्याहून आणि ती जळगावहून अशी आम्ही यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी एकदमच पोहोचलो. ओसरीवर चहा होत होता. आबा आले होते. भावाने मोठ्या कौतुकाने तिला अहिराणीत सांगितले, “मांगना वरीसले तू राह्यती तं देखती. आकडा एकच हिसकामा बोलना! आन आवाज तरी कसा, नवाच.”

तिचा कप ओठांपाशी थांबला. “नवा म्हणजे कसा, अप्पा?”

“टच्चकन. आशे, जशी वाळेल काडी मोडस.”

“बठ्ठास्नी आयकं, सगळास्नी,” आबा म्हणाले. “देवी खूश व्हती.”

ती चहा तसाच ठेवून उठली आणि देवळाकडे चालू लागली. मी मागोमाग गेलो. गाभाऱ्याबाहेर उभी राहून तिने तो आकडा बराच वेळ पाहिला, म्हणजे शेंदूरच पाहिला. मग मला म्हणाली, “नाना, हा शेंदूर खरवडून बघावा लागेल. खाली चीर आहे असं मला वाटतं. लोखंड उगाच टच्चकन बोलत नाही.”

मी तिला म्हणालो की सांगून पाहू. त्या क्षणापासून माझा दिवस गेला.

पंच जमले. आबांना मानाने मध्ये बसवले. पुतणीने काय म्हणायचे ते शांतपणे म्हटले. ते पुरे होण्याआधीच आबांचा चेहरा शेंदराच्या रंगाचा झाला होता. “हाऊ आकडा बठ्ठी मालगाडी वढे! कोयशाना भरेल डबा! तठे तुमन्या बारा गाड्या काय चीज शे?”

“आबा, रेल्वेने तो काढून का टाकला?”

“जुना व्हयना म्हनीसन.”

“जुना झाला म्हणजे काय झाला?”

“जुना म्हंजे जुना! मी बी जुना शे. मालेबी भंगारमा टाकी दे मंग.”

सगळे हसले. पुतणीही हसली. तिच्या जागी मी असतो तर हसलो नसतो.

जेवायला केळीची पाने मांडली होती. तिने एक पान उचलले, वडिलांना म्हणाली, दोन्ही टोकांना धरून ओढा. भावाने ओढले. पान ताणले, फाटले नाही. मग तिने नखाने कडेला जरासा छेद दिला आणि म्हणाली, आता ओढा. पान सरसर फाटत देठापर्यंत गेले. ती म्हणाली की पान तेच आहे, हातही तेच आहेत, फक्त छेद नवा आहे. लोखंड किती जाड आहे हा एक प्रश्न आणि त्यात चीर किती लांब आहे हा वेगळाच प्रश्न. सगळा ताण त्या चिरेच्या टोकापाशी गोळा होतो. दर हिसक्याला ती केसाएवढी पुढे सरकते, आणि एका मर्यादेपलीकडे गेली की मग हिसक्याची वाटसुद्धा पाहत नाही, स्वतःच धावते. तिच्या कारखान्यात हेच मोजतात: अमुक भागात किती लांब चीर चालेल आणि किती लांब झाली की तो भाग गाडीखालून काढायचा. शिवाय काही भागांच्या खाली एक पट्टा बांधलेला असतो, भाग तुटलाच तर रुळांवर न पडता पट्ट्यात अडकावा म्हणून.

मला हे इतके स्वच्छ कळले की मला वाटले आता वाद संपला. भावाने फाटलेले पान बाजूला ठेवले, दुसरे घेतले, त्यावर पुरणपोळी वाढून घेतली आणि म्हणाला, “पान पान शे, लोखंड लोखंड शे.”

दुपारी पुन्हा पंच. आता प्रश्न शास्त्राचा झाला आणि सगळे माझ्याकडे वळले. नाना सांगतील. शेंदराचे कवच खरवडणे शास्त्रात बसते का? मी सांगितले की खंडित मूर्तीची पूजा होत नाही, खंडित पूजापात्र वापरत नाहीत. त्याचे विधिपूर्वक विसर्जन करून त्या जागी नवे आणतात, यात देवाचा अपमान नाही, उलट खंडित वस्तू वापरत राहणे हाच अपमान आहे. इतके स्पष्ट उत्तर मी परीक्षेतही कधी दिले नसेल.

“बराबर शे नाना,” सरपंच म्हणाले. “पन हाऊ तुटेल नही शे.”

“तो खंडित आहे की नाही, ते पाहायचे आहे.”

“मंग देखा.”

“त्यासाठी शेंदूर काढावा लागेल.”

“शेंदूर तं तुटेल रही तव्हयच काढता येई ना? आते तुम्हीच सांगं.”

मी पुन्हा पहिल्यापासून समजावले. सरपंचांनी पुन्हा पहिल्यापासून मान डोलावली. चीर असल्याशिवाय शेंदूर काढायचा नाही आणि शेंदूर काढल्याशिवाय चीर दिसणार नाही. न्यायाच्या ग्रंथांत याला अन्योन्याश्रय असे नाव आहे. गावात त्याला काही नाव नाही, गाव त्यातच राहते. “कवच खरडनं म्हंजे देवीनं कातडं सोलनं,” असे मागून कोणी तरी म्हणाले आणि बायकांनी पदर तोंडाला लावले.

आबांना एक युक्ती सुचली. त्यांच्या नोकरीच्या काळात गाडी थांबली की हातोडी घेऊन चाके ठोकत जाणारी माणसे असत. अखंड चाक घंटेसारखे वाजे, चीर गेलेले बसके वाजे. “ठोकी देखू. दूध का दूध.” पुतणीने मान हलवली, पण तिचे कोण ऐकतो. आबांनी स्वतः हातोडी घेतली, आकड्याला नमस्कार केला आणि ठोकले. थप् असा आवाज आला. पुन्हा ठोकले. पुन्हा थप्. माझ्या मनात आशा उगवली.

“शेंदूरमुळे बसका येस,” आबा म्हणाले आणि हातोडी खाली ठेवली.

ते खरेही होते. पुतणी तेच आधी सांगत होती. एवढ्या जाड लेपाखाली अखंड लोखंडही तसेच वाजले असते. म्हणजे आबांनी स्वतःच काढलेली परीक्षा स्वतःच निकामी ठरवली आणि ती निकामी आहे म्हणून आकडा चांगला आहे, असा निष्कर्ष काढून ते तंबाखू मळू लागले.

मी भावाला बाजूला घेतले. त्याच्याशी मी नेहमी हळू बोलतो. म्हणालो, उद्या त्या उतारावर पुढे तू आहेस. आबा ओट्यावर बसून पाहणार आहेत. तुझे मत काय?

“भाऊ, तू कसाले मधमा पडस? देवी देखी लेई.”

“देवीनेच ही मुलगी पाठवली असेल तर?”

“तिले शाळामा तू पाठाडं,” तो म्हणाला. “देवीले नको सांगू.”

देवळात जाऊन बसलो. देवीसमोर बसले की माझे मन निवते. त्या दिवशी निवले नाही. समोर देवी, डाव्या भिंतीवर तो शेंदराचा गोळा, आणि मला सारखे दिसत होते ते भावाचे पाठमोरे खांदे. लहानपणी नदीवर जाताना तो माझ्या मागे चालत असे. यात्रेत तो पुढे चालतो आणि त्याला मागचे काही दिसत नाही. भगताने मागे वळून पाहायचे नाही, अशीही रीत आहे.

तिथे बसल्या बसल्या मला सुचले ते शास्त्राच्या आधाराने सुचले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याला शास्त्रात आधार नव्हता आणि निषेधही नव्हता. मी बाहेर येऊन पंचांना म्हणालो की आकड्याचे बोलणे हा देवीचा होकार असेल, तर तो आजच विचारू. गाड्या नकोत, माणसे नकोत. देवळामागच्या चिंचेला आकडा अडकवा आणि दोर ओढा. शेंदराला हात लावायचा नाही. देवीला काही सांगायचे असेल तर ती सांगेल.

मला वाटले आता कवचाप्रमाणे यालाही काही तरी हरकत निघेल. पण गाव लगेच तयार झाले. त्याचे कारण माझा युक्तिवाद नव्हता. आदल्या दिवशीच आकडा बोलतो, हे आजवर कधी झाले नव्हते आणि मोबाइलमध्ये टिपण्यासारखे होते. घटकाभरात चिंचेखाली जत्रा भरली.

मग पुतणीच्या अटी आल्या आणि नव्याने कटकट सुरू झाली. आकडा तुटला तर तुकडा गोळीसारखा सुटेल, म्हणून दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. दोरावर कापसाच्या गोण्या टाकायच्या, म्हणजे दोर उसळणार नाही. माणसांनी ओढायचे नाही, ट्रॅक्टरने ओढायचे, आणि तोही लांबून. गोण्या मिळाल्या. रेषेतून लोक हलेनात. या बाजूने हटवले की त्या बाजूने मोबाइल घेऊन पुढे येत. ट्रॅक्टरवर तर पंधरा मिनिटे वाद झाला. ट्रॅक्टरने ओढला तर तो देवीचे बोलेल की ट्रॅक्टरचे? शेवटी ट्रॅक्टरच्या बॉनेटला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, आणि तो पवित्र झाला. हे करताना मंत्र मीच म्हटले. माझ्या आवाजात त्या वेळी भक्ती किती होती, ते देवी जाणे.

पहिला हिसका. काही नाही. लोक हसले. “पोरगी, आते काय म्हनस?” दुसरा हिसका. आकडा नेहमीसारखा खणकन वाजला आणि जयजयकार झाला. आबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी चष्मा पुसू लागलो. ट्रॅक्टरवाल्याने उत्साहाच्या भरात कोणी न सांगता तिसरा हिसका दिला.

या वेळी आकडा वाजला नाही. शेंदूर वाजला. वाळलेल्या मडक्यासारखा फुटून तो कवचाचा गोळा दोन खापऱ्यांत खाली पडला आणि इतक्या वर्षांत प्रथमच आतले लोखंड उघडे पडले. काळे, तेलकट, आणि मला तरी पूर्णपणे अखंड दिसणारे.

कोणी खरवडले नव्हते. कवच देवीने आपण होऊन टाकले होते. आमच्याकडे ही मोठी घटना मानतात. बायकांनी खापऱ्या परातीत उचलल्या. पुतणीने हळूच विचारले, आता हात लावू का? कोणी नाही म्हणाले नाही.

तिने रॉकेलच्या फडक्याने लोखंड पुसून कोरडे केले आणि मला म्हणाली, “नाना, खडू मिळेल का?” गावची शाळा शेजारीच. मी स्वतः गेलो, खडूची पेटी आणली आणि देवळातल्या सहाणेवर खडू कुटून त्याची पूड करून दिली. आयुष्यभर खडू हाताळले, असे कधी कुटले नव्हते. तिने ती पूड आकड्याच्या बाकाच्या आतल्या बाजूला पातळ फासली आणि उन्हात ठेवून म्हणाली, थांबा. तिच्या सांगण्याप्रमाणे शेंदरातले तेल वर्षानुवर्षे झिरपत जाते. लोखंड अखंड असेल तर वरचे तेल पुसून निघाले, प्रश्न मिटला. चीर असेल तर ते आत शिरून बसलेले असते, आणि कोरडी पूड त्याला बाहेर ओढून घेते.

आखाजीचे ऊन. फार थांबावे लागले नाही. पांढऱ्या पुडीवर प्रथम एक ठिपका उमटला, मग दुसरा, मग ते एकमेकांना भेटले आणि बाकाच्या आतून अर्ध्या घेरापर्यंत एक बारीक, किंचित तांबूस, ओलसर रेघ उभी राहिली. कोणी काढल्यासारखी सरळ नव्हे. नदीच्या काठासारखी वळत गेलेली.

पुतणीने मान वर केली. तिला वाटले असणार, मलाही वाटले, की आता बोलण्यासारखे काही उरले नाही.

“देवीनी रेघ!” कोणी तरी म्हणाले.

“कुंकू! कोरा लोखंडवर कुंकू उमटनं!”

आणि माझ्या डोळ्यांदेखत गाव हात जोडून खाली बसू लागले. कोणी फुले आणली. कोणी त्या रेघेचा फोटो काढण्यासाठी दुसऱ्याला ढकलले. सरपंच म्हणाले की उद्या याच रेघेवर शेंदूर चढवून आकडा वाजतगाजत न्यावा. आबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी आणलेल्या आकड्यावर देवीने कुंकू लावले होते.

तेव्हा मी ओरडलो. पायरीवर उभा होतो, हाताला खडू लागलेला होता. “उठा सगळे! देवीसमोर बसायचे तर तिकडे बसा, ती आत आहे! हे कुंकू नाही, हे तेल आहे! तुमच्याच हातांनी घातलेले तेल! ती तुम्हाला अर्धा दिवस ओरडून सांगते आहे, कवच फेकून सांगते आहे, रेघ ओढून दाखवते आहे, आणखी काय तिने खाली येऊन तुमचे कान धरायचे?” असेच आणखी बरेच. खंडित वस्तूचे विसर्जन, हेही त्यात होते. घसा बसला. मागे कोणी तरी कोणाला विचारत होते, “नानाले काय व्हयनं? ऊन लागनं का?” आणि मला पाणी आणून दिले. माझ्या ओरडण्याचा परिणाम म्हणाल तर एवढाच.

आबा म्हणाले, “रेल्वेमा यानापेक्षा मोठी रेघ व्हती तरी गाड्या पयन्यात.”

भाऊ त्या रेघेजवळ उकिडवा बसला, बोट टेकवणार होता, पण टेकवले नाही. मुलीला त्याने विचारले, “आजून किती हिसका सोशी हाऊ?”

“ते मला सांगता येणार नाही, अप्पा. एकही सोसेल, शंभरही सोसेल. चीर आत किती खोल आहे ते वरून दिसत नाही.”

“तुले माहीत नही?”

“नाही.”

“आबा, तुले?”

आबांनी तंबाखू थुंकायचे निमित्त केले.

“भाऊ, तुले?”

मी मान हलवली. बसलेल्या घशाने दुसरे काही करता येत नव्हते.

भाऊ उठला. धोतराचा सोगा झटकला. “माले मांगे देखता येत नही. पाठमांगे कोन धरी राह्यना ते तरी माले माहीत पाहिजे. कोन्हालेच माहीत नही, मंग मी नही चालत त्याना पुढे.” आणि सरपंचांना म्हणाला, “गाड्या खालना रस्तावर लावा. सपाटीवर. दोन दोर.”

मी सकाळपासून शास्त्र सांगत होतो. तिने केळीचे पान फाडून दाखवले होते, आबांनी हातोडी मारली होती, देवीने कवच टाकले होते. आणि हा माणूस ऐकला तो कशाने, तर त्याची मुलगी ‘माहीत नाही’ म्हणाली म्हणून. तुटणारच आहे असे ती म्हणाली असती तर तो हट्टाने उतारावर उभा राहिला असता, हे मी त्याला ओळखतो म्हणून सांगतो. इतक्या साध्या उत्तरासाठी मी माझा घसा का फोडला, याचे मला दुसऱ्या दिवशीही वैषम्य वाटत होते.

यात्रा सपाटीवर झाली. आखावर जुन्या टायरची पट्टी गुंडाळून त्यावर दोन दोर बांधले. गाड्या संथ चालल्या, पोरे कंटाळली. “आशा तं म्हैसबी वढी,” असे लोक म्हणाले आणि भावाने ते निमूट ऐकून घेतले. निघण्यापूर्वी माझ्यासमोर ठरले की आकड्याचे गिरणेत विसर्जन करायचे. मी विधीसुद्धा सांगून ठेवला. समाधानाने धुळ्याला परतलो.

यंदा पुन्हा गेलो. देवळात पाऊल टाकले आणि डोक्यावरून घंटेचा मोठा नाद झाला. नवी पितळी घंटा, चांगली जड. यात्रेसाठी कोणी तरी अर्पण केली होती. मी वर पाहिले. तुळईला खिळ्यांनी ठोकून बसवलेला, ताज्या शेंदराने माखलेला तो आकडा होता, आणि घंटा त्याच्यातच अडकवली होती. खाली रांग. येणारा प्रत्येक जण दोरी धरून हिसका देत होता. लहान मुलांना उचलून धरून हिसका देऊ देत होते.

भाऊ गाभाऱ्यातून बाहेर येत होता. मी नुसते वर बोट केले.

“गिरणामा पानी नव्हतं,” तो म्हणाला. “इसर्जन कशामा करतू? मंग लोके बोलनात, त्यानी गाववरनं संकट सोतावर लिधं, त्याले देवयमाच ठेवू.”

“आणि घंटा?”

“आकडा शे, तं काहीतरी अडकाडं पाहिजे ना.”

मी ओरडण्यासाठी श्वास घेतला. तेवढ्यात त्याने माझा दंड धरला, मला दोन पावले बाजूला नेले आणि मान तिरकी करून पाहायला लावले. घंटेच्या कानातून एक वेगळी साखळी गेली होती. ती आकड्याला कुठेही न शिवता थेट वरच्या तुळईला वेढा घालून, सैल, बांधलेली होती. आकडा तुटला असता तर घंटा वीतभर खाली येऊन त्या साखळीत अडकली असती. आकड्याच्या खालीही पोत्याच्या पट्टीचा एक झोळणा होता, तुकड्यासाठी. दोन्हींवर शेंदूर फासलेला, त्यामुळे कोणाच्या लक्षात येऊ नये असे.

“हे कोणी केले?”

“मीच करं. कोन्हाले सांगेल नही.” मग इकडेतिकडे पाहून तो म्हणाला, “तिलेबी सांगू नको. नहीतं म्हनी, बाप सुधारना.”

मी म्हणालो की सांगणार, आजच सांगणार, फोन करून सांगणार. आणि सांगताना हेही सांगणार की घंटा आधी तिथे टांगायचीच नव्हती. तो म्हणाला, हळू बोल, लोक दर्शन घेत आहेत. आम्ही दोघे त्या घंटेखालीच बराच वेळ भांडलो. वर नाद चालूच होता, आणि प्रत्येक हिसक्याला माझी मान आपोआप वर जात होती. त्याचीही.